वाचक विचारतात : बाँडचा नवा चेहरा आणि नवा डाव

जेम्स बाँडच्या चित्रपटमालिकेची सूत्रे फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या एमजीएम स्टुडिओकडे गेली. त्यानंतर पुढल्या चित्रपटासाठी एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते, दनी व्हिलनव्ह हे दिग्दर्शक आणि स्टीव्हन नाइट हे पटकथालेखक ठरल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून या सदराच्या टपालात बाँडविषयीची पत्रे वाढली आहेत. बहुतेक पत्रलेखकांना ‘आता बाँड कोण?’ एवढेच हवे आहे. काहींनी मात्र त्यापलीकडचे विचारले आहे, आणि या अंकातली जागा मी मुख्यतः त्यांनाच दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. ‘नो टाइम टू डाय’ हा चित्रपट ज्यांना अजून पाहायचा आहे, त्यांनी तो पाहून मगच पुढे वाचावे.

प्रश्न : मी तरुणपणापासून रीगल, स्टर्लिंगमध्ये बाँडपट पाहत आलो आहे. २०२१ च्या चित्रपटाच्या शेवटी बाँड क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात मरतो, हे डोळ्यांनी पाहिले. आता तोच पुन्हा उभा करणे ही प्रेक्षकांची फसवणूक नव्हे काय? — एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

आपली चीड समजण्यासारखी आहे, तरी याला फसवणूक म्हणता येईल असे मला वाटत नाही. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २००२ च्या ‘डाय अनदर डे’पर्यंत मूळ निर्मितिसंस्थेचे वीस चित्रपट झाले. त्यांत शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन आणि पिअर्स ब्रॉस्नन अशा पाच नटांनी बाँड रंगवला, पण माणूस एकच आहे असे प्रेक्षकांनी आणि निर्मात्यांनी मिळून मानले होते. चाळीस वर्षांत त्याचे वय का वाढत नाही, असे कोणी विचारायचे नाही, हा त्यातला अलिखित करार होता. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयाल’ने हा करार मोडला. त्याच्या कृष्णधवल आरंभी बाँड दोन हत्या करून दोन शून्यांचा, म्हणजे मारण्याचा परवाना असलेल्या हेराचा, दर्जा मिळवतो, म्हणजे आपण त्याच्या नोकरीच्या अगदी पहिल्या दिवसांपासून सुरुवात करतो. आधीच्या वीस चित्रपटांत जे घडले ते या माणसाच्या आयुष्यात घडलेलेच नाही. डॅनियल क्रेग यांचे पाच चित्रपट म्हणूनच एका माणसाचे पहिल्या कामगिरीपासून मृत्यूपर्यंतचे सलग चरित्र झाले. २०२१ मध्ये मेला तो हा बाँड. पुढचा बाँड कसा वाचला, याचा खुलासा कोणी देणे लागत नाही, कारण तो वाचलेला नाही. तो दुसराच आहे. शिवाय त्या चित्रपटाच्या अखेरच्या श्रेयनामावलीनंतर ‘जेम्स बाँड परत येईल’ ही १९६३ पासूनची प्रथा पाळलेली होती. नायकाला मारून त्याच्या पुनरागमनाची पाटी लावणे हे जरासे निर्ढावलेपणाचे आहे, हे मात्र मला मान्य आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करावी असे वाटते. नट बदलणे ही एक गोष्ट आणि मालिका नव्याने मांडणे ही दुसरी. पहिली गोष्ट बाँडच्या बाबतीत अनेकदा झाली, दुसरी खऱ्या अर्थाने एकदाच. त्यातही निर्मात्यांनी तर्कशास्त्राला खुशाल रजा दिली होती : ज्युडी डेंच यांनी १९९५ पासून ब्रॉस्नन यांच्या बाँडची वरिष्ठ ‘एम’ साकारली आणि २००६ मध्ये त्याच बाई त्याच खुर्चीत बसून नवशिक्या बाँडला दटावू लागल्या. हे कसे, असे विचारायचे ठरवले तर उत्तर नाही. त्या भूमिकेत त्या उत्तम होत्या आणि त्यांना घालवण्याइतके निर्माते अडाणी नव्हते, हेच खरे उत्तर.

प्रश्न : ‘जेम्स बाँड’ हे एका माणसाचे नाव नसून खात्याने एकामागून एक हेरांना दिलेले सांकेतिक नाव आहे, असे आमच्या महाविद्यालयातील मित्र ठामपणे सांगतात. असे मानले तर नट बदलण्याचा प्रश्नच सुटतो. हे खरे आहे का? — एक विद्यार्थी, माटुंगा

कल्पना सुबक आहे, पण चित्रपटच तिच्या विरुद्ध साक्ष देतात. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये लेझनबी यांच्या बाँडचे लग्न होते आणि त्याच दिवशी त्याची पत्नी मारली जाते. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या आरंभी रॉजर मूर यांचा बाँड तिच्याच थडग्यावर फुले वाहतो, आणि थडग्यावर १९६९ हे साल कोरलेले आहे. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये डाल्टन यांच्या बाँडसमोर लग्नाचा विषय निघतो, तेव्हा त्याचा मित्र आपल्या नवपरिणीत वधूला सांगतो की याचेही एकदा लग्न झाले होते. सांकेतिक नावाबरोबर बायकोचे दुःखही पुढच्या कर्मचाऱ्याकडे वर्ग होते, असे मानायचे असेल तर गोष्ट वेगळी. क्रेग यांच्या बाँडबद्दल तर शंकेलाही जागा नाही, कारण २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये स्कॉटलंडमधील त्याच्या घराशेजारी आईवडिलांचे थडगे दिसते आणि त्यावर बाँड हेच आडनाव आहे.

नायकाचा चेहरा बदलण्याचे कारण कथेतच देणारी मालिका पाहायची असेल, तर ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ पाहावी. तिच्यातील परग्रहवासी नायक मरणोन्मुख झाला की त्याचे शरीर पालटते. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, ते याच युक्तीने. बाँडला अशा युक्तीची गरज भासली नाही.

प्रश्न : मी अनेक वर्षे शिवाजी मंदिरात नाटके पाहत आले आहे. ‘नटसम्राट’मध्ये डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशी नटमंडळी आली, तरी आप्पा बेलवलकर हे आप्पा बेलवलकरच राहिले. मग बाँडचा नट बदलताना एवढा गाजावाजा कशासाठी? आणि नट बदलला की निर्माते नेमके काय राखतात आणि काय टाकून देतात? — एक वाचिका, दादर

आपण दिलेले उदाहरण इतके नेमके आहे की त्यातच अर्धे उत्तर आहे. रंगभूमीवर संहिता तीच राहते. नवा नट तेच स्वगत म्हणतो, त्याच जागी थांबतो, आणि प्रेक्षक त्याला आधीच्या नटाशी शब्दाशब्दाला ताडून पाहतो. पण आपण पाहतो ते शिरवाडकरांचे नाटक, याबद्दल कोणालाही शंका नसते. मालिकेतल्या चित्रपटात ही स्थिर संहिताच नसते. प्रत्येक वेळी नवी गोष्ट, नवे संवाद. त्यामुळे तेथे भूमिका म्हणजे काय, तर आधीच्या नटाने पाडलेल्या सवयी. नवा नट आला आणि लेखकाने त्याच्यासाठी पुन्हा लिहिले नाही, तर त्याला दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून उभे राहावे लागते. माझ्या मते बाँडच्या साठ वर्षांतले चढउतार याच एका गोष्टीने सर्वाधिक समजतात, आणि नटांच्या गुणावगुणांची चर्चा त्या मानाने गौण आहे.

१९६९ चे उदाहरण घ्या. कॉनरी पाच चित्रपटांनंतर बाहेर पडले आणि लेझनबी या ऑस्ट्रेलियन मॉडेलला घेतले गेले. निर्माते किती धास्तावलेले होते, हे चित्रपटातच दिसते. श्रेयनामावलीत आधीच्या चित्रपटांतील दृश्ये येतात. बाँड टेबलाचा खण रिकामा करताना मागील कामगिऱ्यांच्या वस्तू एकेक करून बाहेर काढतो आणि पार्श्वभूमीला त्या त्या चित्रपटाची धून वाजते. हाच तो माणूस, असे पुन्हापुन्हा बजावण्याचा हा प्रयत्न. आणि सुरुवातीच्याच प्रसंगात, वाचवलेली तरुणी पळून जाते तेव्हा, ‘त्या दुसऱ्या गृहस्थाच्या बाबतीत असे कधी झाले नव्हते’ अशा अर्थाचे वाक्य त्याच्या तोंडी घालून निर्माते स्वतःच आठवण करून देतात की हा तो नव्हे. चित्रपट उत्तम आहे. माझ्या व्यक्तिगत पसंतीत तो पहिल्या तिनांत येतो. पण लेझनबी स्वतःच बाजूला झाले, आणि निर्मात्यांनी १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी जॉन गॅव्हिन या अमेरिकन नटाशी करार केलेला असतानाही कॉनरींना साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणले. कॉनरींनी ते पैसे स्कॉटलंडमधील एका शैक्षणिक न्यासाला दिले. न्यासाचे कल्याण झाले. मालिकेचा प्रश्न मात्र दोन वर्षे पुढे ढकलला गेला, एवढेच.

१९७३ मध्ये मात्र त्यांनी शहाणपणा दाखवला, आणि या गोष्टीची दखल फारशी घेतली जात नाही. ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये रॉजर मूर यांना कॉनरींच्या जवळपास जाऊच दिलेले नाही. व्होडका मार्टिनी मागवणे नाही, तेथे बर्बन आहे; सिगारेटऐवजी सिगार आहे; नेहमीची उपकरणे देणारा ‘क्यू’ या चित्रपटात नाहीच. कॉनरींच्या बोलण्यात धाक होता, मूर यांना मिस्किलपणा लिहून दिला गेला. कथानकाच्या दृष्टीने मालिका जुनीच चालू होती, तरी लेखनाच्या दृष्टीने तो एक बिनबोभाट नवा आरंभ होता. तोलामोलाची बरोबरी टाळल्यामुळेच मूर यांना बारा वर्षे आणि सात चित्रपट मिळाले.

याच्या उलट १९८७. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ची पटकथा बेतली गेली तेव्हा बाँड कोण करणार हे निश्चित नव्हते. डाल्टन यांनी बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्या वाचून कडवट, थकलेला, मनातून आपल्या धंद्याला विटलेला माणूस उभा करायचे ठरवले, आणि पटकथेत मात्र सेलो या वाद्याच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत सरहद्द ओलांडण्याचा विनोदी प्रसंग होता. डाल्टन वाईट नट नव्हते. त्यांच्या वाट्याला मूर यांचे उरलेले कापड आले. दुसऱ्या चित्रपटात लेखकांनी त्यांच्या मापाचे लिहिले, पण तो अमेरिकेत कमी चालला आणि त्यानंतर मालिकाच कोर्टकज्ज्यांत अडकली.

१९९५ च्या ‘गोल्डनआय’पुढे वेगळीच अडचण होती. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली होती, सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला होता. ज्या शीतयुद्धावर या नायकाचे पोट भरत होते तेच संपले होते. निर्मात्यांनी ही अडचण लपवली नाही, उलट संवादात आणली. नवी स्त्री ‘एम’ बाँडला तोंडावर स्त्रीद्वेष्टा डायनोसॉर आणि शीतयुद्धाचा अवशेष म्हणते. प्रेक्षकाच्या मनातला आक्षेप पात्राच्या तोंडून आधीच वदवून घेतला की तो बोथट होतो, ही नाटककारांची जुनी खुबी आहे. बाकी ब्रॉस्नन यांचा बाँड कॉनरी आणि मूर यांच्या मिश्रणातून आलेला होता, आणि ते मिश्रण चार चित्रपट पुरले.

सर्वांत धाडसाचा निर्णय २००६ चा, आणि तो का धाडसाचा हे आकड्यांवरून कळते. ‘डाय अनदर डे’ने जगभर सुमारे ४३ कोटी डॉलर मिळवले होते, तोपर्यंतच्या कोणत्याही बाँडपटापेक्षा ही रक्कम मोठी होती. म्हणजे मालिका बुडत होती म्हणून ती नव्याने मांडली असे झाले नाही. दुकान भरभराटीत असताना ते बंद करून नवे उघडले गेले. त्या चित्रपटात अदृश्य होणारी मोटार दाखवल्यावर पुढे जायला वाट उरली नव्हती, हे निर्मात्यांनी ओळखले होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर हेरांकडे पाहण्याची लोकांची नजर बदलली होती, आणि २००२ मध्येच आलेल्या ‘द बोर्न आयडेंटिटी’ने हाणामारीचे दृश्य कसे खरखरीत असू शकते हे दाखवले होते. फ्लेमिंग यांच्या ‘कॅसिनो रॉयाल’ या १९५३ च्या पहिल्या कादंबरीचे चित्रपटहक्कही दीर्घकाळ दुसऱ्यांकडे राहून नुकतेच या संस्थेच्या हाती आले होते. आरंभाचीच कथा हाती आल्यावर आरंभापासून सुरुवात करणे ओघानेच आले.

आता काय राखले आणि काय टाकले. २००६ च्या या चित्रपटात ‘क्यू’ नाही, चिटणीस मनीपेनी नाही, बंदुकीच्या नळीतून दिसणाऱ्या बाँडने गोळी झाडण्याचे प्रसिद्ध दृश्य आरंभाची चौकट म्हणून न येता पहिल्या प्रसंगाचा शेवट म्हणून येते. मार्टिनी घुसळून हवी की ढवळून, असे मद्यवाढप्याने विचारल्यावर नायक खेकसतो. पण यातली एकही गोष्ट कायमची टाकलेली नाही. ती राखून ठेवलेली आहे. मॉन्टी नॉर्मन यांची मूळ धून चित्रपटभर तुकड्यातुकड्यांनी सूचित होते आणि संपूर्ण रूपात अगदी अखेरीस, नायक स्वतःचे नाव पहिल्यांदा त्या ठरावीक पद्धतीने उच्चारतो तेव्हाच वाजते. म्हणजे प्रेक्षकाला जे पहिल्या मिनिटाला फुकट मिळत असे, ते दोन तासांनंतर कमावून दिले. ‘क्यू’ आणि मनीपेनी तर आणखी सहा वर्षांनी ‘स्कायफॉल’मध्ये परतले, आणि मालिकेतील शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला.

ज्या हेराभोवती असे संकेतच नसतात त्याचे काय होते, हे पाहायचे तर जॅक रायन या अमेरिकन नायकाकडे पाहावे. १९९० मध्ये अ‍ॅलेक बाल्डविन, मग हॅरिसन फोर्ड, २००२ मध्ये बेन अ‍ॅफ्लेक, २०१४ मध्ये क्रिस पाइन आणि २०१८ पासून मालिकेत जॉन क्रॅसिन्स्की असे पाच जण झाले. त्यातले काही चित्रपट चांगले आहेत, पण नवा नट आला की प्रेक्षकाला ओळखीचे असे काहीच हाती लागत नाही, आणि दर वेळी पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

प्रश्न : नवा बाँड कोण होईल? तीन नावे सांगा. — अनेक वाचक

सांगणार नाही. लंडनचे सट्टेवाले यावर भाव लावतात, तो त्यांचा व्यवसाय आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये क्रेग यांचे नाव जाहीर झाले तेव्हा सोनेरी केसांचा बाँड नको म्हणून बहिष्काराची भाषा झाली होती, आणि वर्षभरात तीच मंडळी तिकिटांच्या रांगेत उभी होती. एवढे लक्षात ठेवले तरी अंदाज बांधण्याचा उत्साह कमी होईल. निवड कशी होते एवढे सांगतो. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये बाँड खोलीत परततो आणि बिछान्यात रशियन तरुणी त्याची वाट पाहत असते, असा प्रसंग आहे, अनेक इच्छुकांची पडद्यावरील चाचणी आजवर याच प्रसंगावर घेतली गेली आहे. संशय, विनोद, आकर्षण आणि धोका, सगळे त्या काही मिनिटांत दाखवावे लागते.

प्रश्न : नव्या बाँडचे वय किती असावे? मूर साहेब तर शेवटी आमच्या वडिलांच्या वयाचे दिसू लागले होते. — एक वाचक, परळ

दिसू लागले होते खरे. १९८५ चा शेवटचा चित्रपट आला तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, आणि आपण त्या भूमिकेसाठी वयस्कर झालो होतो असे त्यांनीच नंतर मोकळेपणाने सांगितले. ते त्याआधीच थांबायचे होते. १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’साठी, म्हणजे उदयपूरमध्ये चित्रित झालेल्या आणि कबीर बेदी, विजय अमृतराज यांच्या भूमिका असलेल्या चित्रपटासाठी, जेम्स ब्रोलिन यांची चाचणीही घेतली गेली होती. पण त्याच वर्षी दुसऱ्या निर्मात्यांचा, कॉनरींना घेतलेला स्वतंत्र बाँडपट येणार होता, आणि जुन्या बाँडसमोर कोरा चेहरा उभा करण्याची कोणाची छाती झाली नाही. मूर यांनाच थांबवून घेतले गेले.

पहिल्या चित्रपटाच्या वेळी कॉनरी ३२ वर्षांचे, मूर ४५, डाल्टन ४१, ब्रॉस्नन ४२ आणि क्रेग ३८ वर्षांचे होते. पूर्वी दर एकदोन वर्षांनी चित्रपट येई, तेव्हा चाळिशीतला नट परवडत असे. क्रेग यांना पाच चित्रपटांना पंधरा वर्षे लागली. हाच वेग राहिला तर तिशीतला नट घेण्यावाचून गत्यंतर नाही. यात सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब अधिक आहे.

प्रश्न : २०२१ नंतर एवढा खंड का पडला? — एक वाचक, धोबीतलाव

मालकी दोघांची होती म्हणून. १९६१ मध्ये अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन यांनी बाँडपटांची मूळ निर्मितिसंस्था काढली. सॉल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये आपला हिस्सा युनायटेड आर्टिस्ट्सला विकला. ती कंपनी १९८१ मध्ये एमजीएमने घेतली आणि एमजीएमला मार्च २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतले. पैसा एकाचा आणि काय बनवायचे हा निर्णय दुसऱ्याचा, अशा संसारात नवा पैसेवाला आला की कुरबुर होणारच. २०२५ च्या करारानुसार ब्रोकोली यांच्या कन्या बार्बरा ब्रोकोली आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन हे सहमालक राहिले, पण सर्जनशील निर्णयांचा अधिकार त्यांनी सोडला. आपण धोबीतलावचे आहात म्हणून एक सांगतो : आपल्या चौकातले मेट्रो थिएटर १९३८ मध्ये याच एमजीएमने बांधले होते.

प्रश्न : मुंबईत एवढे हेरपट निघाले, पण एकच भारतीय हेर निरनिराळ्या नटांनी पिढ्यानपिढ्या साकारला असे का झाले नाही? आपला प्रेक्षक नवा नट स्वीकारत नाही काय? — एक वाचिका, विलेपार्ले

प्रेक्षकाला दोष देऊ नये. वरच्या ‘नटसम्राट’च्या उदाहरणातून तो सुटतोच, आणि बंगालकडे पाहिले तर खात्री पटते. सत्यजित राय यांचा फेलूदा १९७४ आणि १९७९ मध्ये सौमित्र चॅटर्जी यांनी साकारला, पुढे सव्यसाची चक्रवर्ती यांनी, २०१४ मध्ये अबीर चॅटर्जी यांनी; कोणी रस्त्यावर उतरले नाही. फेलूदा हेर नसून खाजगी गुप्तहेर आहे, पण मुद्दा तोच. तेथे पात्र आधी पुस्तकातून घरोघर पोहोचले होते, आणि नट नंतर त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला.

हिंदीत उलटे झाले. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये रविकांत नगाइच यांनी जितेंद्र यांना एजंट ११६ केले आणि चित्रपट जोरात चालला. त्याच दिग्दर्शकाने १९७९ मध्ये मिथुन चक्रवर्ती यांना घेऊन ‘सुरक्षा’ काढला, तेव्हा ११६ हा आकडा पुढे चालवला नाही. नवा नट, म्हणून नवा हेर, गनमास्टर जी-९. लंडनमध्ये अशा वेळी तोच हेर नव्या नटाच्या हवाली केला गेला असता. येथे पात्र नटाच्या मालकीचे मानले जाते, तो गेला की पात्रही त्याच्याबरोबर जाते. ‘एजंट विनोद’ हे नाव १९७७ मध्ये महेंद्र संधू यांनी आणि २०१२ मध्ये सैफ अली खान यांनी धारण केले, पण दोहोंत नावाखेरीज काही समान नव्हते, आणि मधल्या ३५ वर्षांत ते नाव कोणी जिवंत ठेवले नव्हते. अलीकडे यशराज फिल्म्सने २०१२ च्या ‘एक था टायगर’पासून जो हेरांचा गोतावळा उभारला, त्यातही नवा तारा आला की त्याला नवा हेर मिळतो आणि आधीचा हेर पाहुणा म्हणून भेटायला येतो. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती अचूक आहे. पण सलमान खान निवृत्त झाले तर टायगर दुसरा कोणी करील काय, या प्रश्नावर सगळे थबकतील.

बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे आपल्याकडचे त्या तोडीचे भांडवल होते. हजारो वाचकांच्या मनात ती पात्रे होती, आणि कोणत्याही एका नटाच्या चेहऱ्याला बांधलेली नव्हती. मराठी निर्मात्यांनी त्यांच्याभोवती सलग चित्रपटमालिका उभारली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे. बाँडवर मराठी एकांकिका करायची झाली तर परवानगी कोणाकडे मागावी? — एका संस्थेचे चिटणीस, मुलुंड

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात. फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये वारले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांवरील हक्क भारतात २०२४ च्या अखेरीस संपले. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे, म्हणजे २०३४ च्या अखेरपर्यंत. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षे मिळतात, म्हणजे पहिल्याच कादंबरीसाठी २०४९ उजाडेल. कॅनडात पूर्वी ५० वर्षांचीच मुदत असल्यामुळे २०१५ मध्ये तेथील एका प्रकाशकाने बाँडच्या नव्या कथांचा संग्रह काढला, पण तो देशाबाहेर विकता आला नाही. आपल्या एकांकिकेचीही तीच मर्यादा राहील, आणि तिचे चित्रीकरण आंतरजालावर टाकले की ती सरहद्द ओलांडते, हे ध्यानात ठेवावे.

चित्रपटांत नव्याने निर्माण झालेले जे काही आहे, म्हणजे ती धून, ते नळीचे दृश्य, पडद्यासाठी रचलेले प्रसंग आणि संवाद, त्यांना हात लावू नये. नाव आणि ००७ हा आकडा व्यापारचिन्ह म्हणून वापरात आहेत, तेव्हा जाहिरात छापण्यापूर्वी वकिलाला विचारावे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवावी लागेलच.

कोणती कादंबरी घ्यावी, असे आपण विचारले नाही, तरी सुचवतो : पहिलीच घ्या. तिचा गाभा जुगाराच्या एका टेबलाभोवती घडतो, तेव्हा नेपथ्याचा खर्च नाही. चित्रपटात पोकर आहे, मूळ पुस्तकात बाकारा हा पत्त्यांचा दुसरा जुगार. त्याचे नियम प्रेक्षकांना कसे कळणार ही काळजी नको, कारण कादंबरीत खेळापूर्वी जेवताना बाँड ते आपल्या सहकारी वेस्परला सविस्तर समजावून सांगतो, आणि तो प्रवेश रंगमंचावर फारसा बदल न करता बसेल.